लेहरा न हलवणारा मुलगा आणि एक प्रश्न (संगीतकार व ऑटिझम)

ठेकेदार
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या. मी मिरजेत तबला शिकवतो. गेल्या दिवाळीनंतर माझ्याकडे एक चौदा वर्षांचा मुलगा यायला लागला, ऑटिझम आहे असं आईने पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. बोलतो कमी, बोलला तर बऱ्याचदा माझंच वाक्य मला परत ऐकवतो. तबल्यावर काही हात बसेना, चाटेवर बोट पडलं की त्या आवाजाने स्वतःच दचकायचा. दोन महिने असेच गेले आणि एक दिवस काही सुचेना म्हणून मी पेटी त्याच्यापुढे सरकवली, चंद्रकंसातला तीनतालाचा लेहरा (तबल्याच्या सोलोमागे पेटीवर सतत वाजणारी ओळ) चारदा वाजवून दाखवला आणि म्हटलं वाजव.

पाचव्यांदा त्याने वाजवला. आणि मग थांबलाच नाही.

आता सोलो वाजवणाऱ्यांना माहीत आहे की चांगला लेहरेवाला मिळणं म्हणजे काय दिव्य असतं. सोळा मात्रांची तीच ती ओळ तासभर वाजवायची, कंटाळायचं नाही, सजवायची नाही आणि मुख्य म्हणजे तबलजी लयीत चढला की त्याच्याबरोबर चढायचं नाही. भलेभले चढतात. मी स्वतः चढतो दुसऱ्याला साथ करताना. हा पोरगा चढत नाही. मी गुपचूप मोबाईलवर मेट्रोनोम लावून बघितलं, ६० ला सुरू केलं होतं, वीस मिनिटांनी परत लावून बघितलं तर ६० च. मग मुद्दाम खोडी काढली, तिहाई (तीनदा वाजवून समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, संपवायचा तुकडा) चुकवून अर्धी मात्रा आधी समेवर आलो. कुठलाही लेहरेवाला अशा वेळी सांभाळून घेतो, थोडं ओढतो. याने नाही घेतलं. सम जिथे होती तिथेच. मी तोंडावर आपटलो.

तर प्रश्न असा की संगीत आणि ऑटिझम यांचं खरंच काही नातं आहे का? भाच्याने व्हॉट्सॅपवर एक यादी पाठवली, त्यात मोझार्टपासून सगळे मोठे लोक ऑटिस्टिक म्हणून टाकलेत. त्यावर किती विश्वास ठेवायचा?

दुसरी एक अडचण. माझ्या क्लासात मुलांचा सा काळी एक (पेटीवरच्या सप्तकातली पहिली काळी पट्टी), मुलींचा काळी चार. मुलींची वेळ झाली आणि मी तानपुरा काळी चारला लावला की हा कानावर हात ठेवतो आणि एकच घोकतो, "प आहे, प आहे, प आहे." यावर काय करावं?

गुळपोळी
वाचतेय. किती छान लिहिलंय हो काका.

अण्णा_निवृत्त
उत्तम विषय. देव एक दार बंद करतो तेव्हा दुसरं उघडतो ते असं. ही मुलं म्हणजे पूर्वजन्मीचे गंधर्व. रोज पहाटे भैरव आणि रात्री दरबारी ऐकवत जा, वर्षभरात आजार निम्म्यावर येईल. आमच्या ओळखीत एकाला फरक पडलाय.

रानजाई
अण्णा, वयाने मोठे आहात म्हणून हळू आवाजात सांगते, आजार नाहीये तो. आणि गंधर्व वगैरे तर मुळीच नको.

माझी लेक एकोणीस वर्षांची, ऑटिझम आहे, निदान व्हायला अकरावं वर्ष उजाडलं कारण मुलगी शांत आहे, लाजाळू आहे, असंच सगळे म्हणत राहिले. संगीतात तिला गती शून्य. गाते, मजेत गाते, पण सपाट बेसूर. आणि आम्हाला भेटणारा दर दुसरा माणूस विचारतो, "मग हिचं टॅलेंट काय?" म्हणजे तुमची मुलगी आहे तशी चालणार नाही, तिने भरपाई म्हणून काहीतरी करून दाखवायला पाहिजे. एका गॅदरिंगला तिला ग्रुपडान्समध्ये घेतलं होतं, तिला आवडलंही होतं, आणि ती विंगेत उभी असताना निवेदिकेने माइकवरून सांगितलं की देवाने हिच्याकडून खूप काही हिरावून घेतलंय पण बघा कशी जिद्द आहे. तिला सगळं कळतं हो. त्यानंतर ती स्टेजवर गेलीच नाही, कायमची.

ठेकेदार दादा, तुमच्यावर राग नाही. तुम्ही तर पोराची लय बघताय, जिद्द नाही. पण त्या याद्या प्लीज पुढे पाठवू नका.

टोरांटोचा_बाळ्या
यादीतल्या मोझार्टला सोडा, पण त्यात एक नाव नक्की असणार, कॅनडाचा पियानोवादक ग्लेन गूल्ड. त्याच्याच गावात राहतो म्हणून थोडं लिहितो. इथे फ्रंट स्ट्रीटवर सीबीसीच्या (इथलं सरकारी रेडिओ-टीव्ही) इमारतीबाहेर त्याचा बाकावर बसलेला ब्राँझचा पुतळा आहे, टोपी, ओव्हरकोट, मफलर सगळं घालून. पुतळा आहे म्हणून नाही, माणूस खरंच भर उन्हाळ्यात कोट आणि हातमोजे घालून फिरायचा. पियानोला बसायला वडिलांनी पाय कापून दिलेली एक घडीची खुर्ची, जमिनीपासून जेमतेम १४ इंच, ती जगभर बरोबर न्यायची, शेवटी शेवटी बैठक फाटून नुसता सांगाडा उरला तरी तीच. वाजवण्याआधी हात गरम पाण्यात बुडवून बसायचं. वाजवताना मोठ्याने गुणगुणायचं, रेकॉर्डिंगवाले हैराण, आज ती रेकॉर्डिंग ऐकलीत तर मागे कुणीतरी गातंय ते ऐकू येतं, तो तोच. स्पर्श अजिबात चालायचा नाही. पियानो कंपनीच्या एका तंत्रज्ञाने गंमतीत पाठीवर थाप मारली म्हणून १९५९ च्या त्या प्रकारावरून कोर्टापर्यंत गेला. आणि १९६४ साली, एकतिसाव्या वर्षी, मैफली कायमच्या बंद. श्रोत्यांसमोर बसणंच नको, फक्त स्टुडिओ.

त्याच्या एका मानसोपचारतज्ज्ञ मित्राने त्याचं चरित्र लिहिलं, त्यात अ‍ॅस्पर्गरची (ऑटिझमचाच एक प्रकार) शक्यता मांडली आणि तिथून ही चर्चा पसरली. पण लक्षात घ्या, गूल्ड १९८२ ला गेला, पन्नाशी गाठून नऊ दिवसांत. त्याची तपासणी कुणी केलेली नाही. काही लोक म्हणतात तो प्रचंड चिंतातुर होता, सतत आजारपणाची भीती, गोळ्यांचा ढीग, त्यातून हे सगळं समजावता येतं. मला दोन्ही पटतं आणि दोन्ही पटत नाही.

अवांतर: १९७७ च्या व्हॉयेजर यानांवर जी सोन्याची तबकडी गेली तिच्यात गूल्डने वाजवलेला बाख आहे आणि आपल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी पण आहे. दोघं एकाच तबकडीवर सूर्यमालेबाहेर. कधीतरी त्या बाकावर पुतळ्याशेजारी बसून मी केसरबाई ऐकतो, बायको म्हणते तूच तपासून घे.

तिरकिटधा
व्हॉयेजरचं माहीत नव्हतं, भारीच!
यादीबद्दल सहमत. आता कुणी कुमार गंधर्वांचं नाव घेऊ नका म्हणजे झालं, लहानपणी रेकॉर्डी ऐकून मोठमोठ्या गवयांची हुबेहूब नक्कल करायचे म्हणून. आपल्याकडे विक्षिप्त गवयी म्हटलं की दहा किस्से निघतात, तेवढ्यावर निदान करायचं तर अर्धं किराणा घराणं आणि पूर्ण जयपूर घराणं आत जाईल.

चिकित्सक_चिंगी
मी स्पीच थेरपिस्ट आहे, या मुलांबरोबरच काम करते, म्हणून तीन गोष्टी लिहिते. मोबाईलवरून टाइप करतेय, शुद्धलेखन चालवून घ्या.

नातं आहे का, तर हो, एका मर्यादेत. लिओ कॅनरने १९४३ साली ज्या ११ मुलांचं वर्णन करून ऑटिझम पहिल्यांदा नीट मांडला, त्यातच हे दिसतं. पहिला मुलगा डोनाल्ड, वर्षाचा असताना चाली बरोब्बर गुणगुणायचा. आणखी एक मुलगा दीड वर्षाचा असताना १८ सिम्फनी ओळखायचा, पहिला भाग सुरू झाला की संगीतकाराचं नाव सांगायचा. दीड वर्ष! तर सुरांकडे ओढा आणि स्मरण हे अगदी पहिल्यापासून नोंदलेलं आहे. परिपूर्ण स्वरज्ञान, म्हणजे तानपुरा न लावता कुठलाही स्वर ऐकून ती काळी एक आहे की पांढरी तीन ते सांगता येणं, ते एरवी दहा हजारांत एखाद्याला असतं असं ढोबळ म्हणतात, ऑटिझममध्ये ते जास्त सापडतं. तुमचा मुलगा "प आहे" म्हणतो ना, त्याचं अगदी बरोबर आहे काका. काळी एक सा धरला तर काळी चार हा पंचमच की.

पण जास्त सापडतं म्हणजे सगळ्यांत नाही. रानजाईताईंच्या लेकीसारख्याच जास्त मुली-मुलं आहेत, साधी गाणी आवडणारी.

तिसरं अण्णांसाठी. २०१७ मध्ये एक मोठा अभ्यास छापून आला, ९ देशांतली ३६४ मुलं, वय ४ ते ७, पाच महिने म्युझिक थेरपी दिली. ऑटिझमच्या लक्षणांची तीव्रता मोजली तर नेहमीची मदत मिळणाऱ्या मुलांच्या तुलनेत म्हणावा असा फरक नाही. संगीत वाईट असा याचा अर्थ नाही, मुलं खूश होतात, आईबापांशी खेळतात, मी स्वतः रोज गाणी वापरते. पण अमुक राग ऐकवा आणि आजार निम्मा, हे विकणारे लोक आहेत आणि त्यांच्या फिया भरून दमलेले आईबाप माझ्यासमोर येऊन बसतात म्हणून बोलले.

अण्णा_निवृत्त
आमचा हेतू चांगला होता. असो. भैरव ऐकून कुणाचं नुकसान तर होत नाही ना.

रानजाई
पहाटे पाचला उठवून ऐकवला तर होतं 😄

खर्ज
लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. लिहितोच.

मी पुण्यात साऊंड इंजिनिअर आहे, लाइव्ह कार्यक्रम करतो, शास्त्रीयच जास्त. तेहतिसाव्या वर्षी निदान झालं, ऑटिझम. त्याआधी मी नुसता तिरसट होतो.

पहिली विनंती, स्वमग्न हा शब्द जमला तर टाळा. पेपरवाले वापरतात, सरकारी कागदांवर असतो, मला माहीत आहे. पण तो ऐकला की वाटतं माणूस आपल्याच तंद्रीत आहे, बाहेरचं काही पोचत नाही. माझं नेमकं उलट आहे. बाहेरचं सगळं पोचतं, एकाच वेळी, एकाच आवाजात. तुम्ही हॉटेलात बसून समोरच्याचं बोलणं ऐकता तेव्हा तुमचं डोकं बाकीचं आपोआप खाली करतं. माझ्या मिक्सरवर ते फेडरच (आवाज कमी-जास्त करायच्या पट्ट्या) नाहीत. मला चमचे, एक्झॉस्ट फॅन, मागच्या टेबलावरचा रिंगटोन आणि तुम्ही, सगळे सारखेच मोठे.

फ्रिज घ्या. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे फ्रिज, ट्रान्सफॉर्मर, ट्यूबचा जुना चोक यांचा हं असा आवाज १०० हर्ट्झच्या आसपास येतो. हा स्वर पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधे कुठेतरी बसतो, धड इथे नाही धड तिथे नाही. ज्या घरात मी लहानाचा मोठा झालो तिथे फ्रिज हॉलमध्ये होता आणि आई काळी चारला गायची. तिला वाटायचं मला तिचं गाणं आवडत नाही म्हणून मी उठून जातो. मी तिला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा चौतीस वर्षांचा होतो. तिने दुसऱ्या दिवशी फ्रिज स्वयंपाकघरात हलवून घेतला.

ठेकेदार काका, तुमच्या त्या पोराला सा बदलला याचा त्रास नाहीये, एकाच आवाजाला तुम्ही दोन नावं ठेवताय याचा त्रास आहे. त्याच्यासाठी तो आवाज म्हणजे माणूस आहे. काल ज्याला तुम्ही पाटील म्हणालात त्याला आज कुलकर्णी म्हणताय, आणि वर हसताय. त्याला आधी सांगून बघा की सा हे नाव नाही, ती खुर्ची आहे, रोज वेगळा माणूस बसतो. पण नुसतं तोंडी सांगू नका, डोळ्यांना दिसेल असं काहीतरी करा. पेटीच्या पट्टीवर स्टिकर लावा, "आजचा सा".

टोरांटोचा_बाळ्या
खर्ज, आत्ता उठून फ्रिजला कान लावून आलो. आमच्याकडे ६० हर्ट्झ, म्हणजे १२० ना? पेटीवर शोधलं तर काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधे सापडलं. देश बदलला तरी फ्रिज बेसूरच.

तिरकिटधा
हाहाहा. पण खर्ज, मनापासून थँक्यू. एक विचारू का, नसेल सांगायचं तर सोडा. मग लाइव्ह कार्यक्रमात कसं जमतं? तिथे तर गोंगाटच.

खर्ज
साऊंडचेक जमतं, तेव्हा सगळे आवाज माझ्या हातात असतात. कार्यक्रमातही जमतं, हेडफोन असतात. त्रास नंतर होतो, लोक पाठीवर थापा मारायला येतात तेव्हा. गूल्डची केस मी मनातल्या मनात अनेकदा जिंकलोय.

कलाकारांमध्येही आता लोक स्वतःहून सांगतात. गॅरी न्यूमन म्हणून इंग्लंडचा एक आहे, १९७९ मध्ये सिंथेसायझरच्या गाण्यांनी तिथे धुमाकूळ घातला होता त्याने. स्टेजवर यंत्रासारखा ताठ, चेहऱ्यावर भाव नाही, लोकांना वाटलं काय स्टाइल आहे. सुझन बॉइल तर सगळ्यांना माहीत असेल, २००९ च्या टॅलेंट शोमधली. तिला लहानपणापासून सांगितलेलं की जन्माच्या वेळी मेंदूला इजा झाली. पन्नाशी उलटल्यावर कळलं की अ‍ॅस्पर्गर आहे, २०१३ मध्ये तिने ते जाहीर केलं आणि हायसं वाटलं म्हणाली. मला त्या हायसं वाटण्याबद्दल कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. (अ‍ॅस्पर्गर हे वेगळं निदान २०१३ पासून निदानाच्या अमेरिकन मॅन्युअलमध्ये राहिलं नाही, सगळं ऑटिझम स्पेक्ट्रममध्येच धरतात, पण जुन्या लोकांच्या तोंडी तो शब्द आहे.)

चिकित्सक_चिंगी
जिवंत माणसाने स्वतः सांगणं आणि मेलेल्या माणसाला आपण चिकटवणं यात फरक आहे, तो इथे छान दिसतोय.

आणखी एक नाव टाकते, ज्यांना "देवाची देणगी" म्हणायचंय त्यांच्यासाठी. डेरेक पॅराविसिनी, इंग्लंडचाच, १९७९ चा जन्म, पंचविसाव्या आठवड्यात जन्मला, अंध, ऑटिझम, शिकण्याच्या मोठ्या अडचणी. एकदा ऐकलेलं वाजवतो, मागाल त्या स्वरापासून वाजवतो. यूट्यूबवर बघून सगळे रडतात. पण त्याचे शिक्षक अ‍ॅडम ऑकलफर्ड सांगतात की लहानपणी तो मुठींनी, कोपरांनी, नाकानेसुद्धा पियानो वाजवायचा आणि दुसरं कुणी पियानोजवळ आलं की ढकलून द्यायचा. बोटं कशी टाकायची हे त्यांनी वर्षानुवर्षं शिकवलं. कान त्याचा होता, पण हात रियाझाने आले. तेवढा भाग व्हिडिओत कट होतो.

रानजाई
आणि पैसे कुणाला मिळाले हेही कट होतं कधीकधी. डेरेकचं नाही म्हणत. अमेरिकेतला ब्लाइंड टॉम, १८४९ चा, गुलाम म्हणून जन्मला, अंध, आज बघणारे म्हणतात ऑटिझम असावा. एकदा ऐकलेलं वाजवायचा, १८६० मध्ये व्हाइट हाउसमध्ये वाजवलं. मालकाच्या घराने त्याच्यावर अफाट पैसा कमावला आणि गुलामगिरी संपल्यावरही तो त्यांच्याच ताब्यात राहिला. मी हे वाचलं त्या रात्री झोप लागली नव्हती. कुणी मुलाला स्टेजवर न्यायचं म्हणालं की मला आधी तो आठवतो.

अण्णा_निवृत्त
रानजाईताई, तुमची कन्या कोणती गाणी म्हणते?

रानजाई
सगळी. बडबडगीतांपासून टायटल साँगपर्यंत. सध्या एका वॉशिंग पावडरची जाहिरात, दिवसातून चाळीसदा.

अण्णा_निवृत्त
आमची नात पण तेच म्हणते. कंटाळा आलाय.

ठेकेदार
मंडळी, उशिरा लिहितोय, क्लासच्या परीक्षा होत्या.

स्टिकर लावला. पेटीच्या काळी एकवर लाल गोल टिकली चिकटवली आणि म्हटलं, हा आजचा सा. मुलींची वेळ झाली तेव्हा टिकली उचलून काळी चारला लावली. त्याने हात कानांकडे नेले, मग खाली घेतले. टिकलीकडे बघत बसला. पुढच्या वेळी मी उचलायच्या आधी त्यानेच उचलून लावली, आणि मी विसरून पहिल्या सा वरच तानपुरा ठेवला होता तर माझा हात धरून तानपुऱ्याच्या मशीनकडे नेला. आता क्लासात टिकली लावायचं काम त्याचं. काल एका मुलीने मुद्दाम टिकली पांढरी दोनवर नेली तर मात्र भयंकर आरडाओरडा झाला, पण ते कुणीही करेल.

रविवारी घरीच छोटी बैठक ठेवली, बारा लोक. त्याच्या आईला आधी विचारलं, रानजाईताईंचं वाचून निवेदन वगैरे काही केलं नाही, नाव पण सांगितलं नाही कुणाचंच, ना माझं ना त्याचं. पंखा बंद ठेवला, मिरजेत एप्रिलमध्ये पंखा बंद म्हणजे विचार करा. लोकांना सांगितलं टाळ्या नकोत, हात वर करून हलवा. त्याला एकच सांगितलं होतं, मी सांगेपर्यंत थांबायचं नाही.

चाळीस मिनिटं वाजवलं. पेशकार, कायदे, रेले, शेवटी चक्रदार. इतकं निश्चिंत मी आयुष्यात वाजवलं नसेल, सम कुठे पळून जाणार नाही हे माहीत असलं की माणूस काय काय करून बघतो. शेवटची तिहाई समेवर पडली, मी हात उचलले, लोकांनी हात हलवले. लेहरा चालूच. मी घाम पुसला, पाणी प्यायलो, मित्र येऊन शेजारी बसला, लेहरा चालूच. मग कळलं, मी सांगितलंच नाहीये.

म्हटलं, थांब.

त्याने ओळ समेपर्यंत नेली, भाता बंद केला आणि म्हणाला, "थांब."

गुळपोळी
काका व्हिडिओ टाका ना!

ठेकेदार
नाही काढला. आई नको म्हणाली.